एका रूमने फुगवलेलं बिल : मुंबईतल्या एका कुटुंबाचं प्रकरण

पूर्व उपनगरात आमचा एक छोटा रुग्णमित्र गट आहे. खाट मिळवून देणं, रक्ताची सोय, योजनेचे कागद भरून देणं अशी कामं आम्ही करतो. गेल्या काही वर्षांत त्यात हॉस्पिटलच्या बिलांची भर पडली आहे. लोक येतात ते बहुतेक डिस्चार्जच्या दिवशी, हातात अंतिम बिल घेऊन. तोपर्यंत जे निर्णय घ्यायचे ते घेऊन झालेले असतात.

हे प्रकरण मांडायचं कारण म्हणजे यात सगळे कागद हाती आले: हॉस्पिटलचं दरपत्रक, केसपेपर, फार्मसीच्या पावत्या आणि विमा कंपनीची दोन्ही मंजुरीपत्रं. एरवी यातला एखादा तरी कागद मिळत नाही आणि मग बिल नेमकं कशाने वाढलं ते ठामपणे सांगता येत नाही. कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, रकमा थोड्या गोल केल्या आहेत.

पार्श्वभूमी

शालनकाकू, वय ६२. पुनर्विकासात मिळालेल्या वन बीएचकेमध्ये चौघांचं घर. काका बेस्टमधून निवृत्त. मुलगा अमेय खासगी कंपनीत, सून ऋजुता शाळेत शिक्षिका. अमेयच्या कंपनीची ग्रुप मेडिक्लेम होती, आईवडील धरून कुटुंबाला ३ लाखांचं संरक्षण. कार्ड मोबाईलमध्ये होतं, अटींची पीडीएफ ईमेलमध्ये. त्या पीडीएफमध्ये एक ओळ होती: साध्या खोलीचं भाडं दररोज विमा रकमेच्या १ टक्क्यापर्यंत. म्हणजे ३,००० रुपये. ही ओळ घरात कुणी वाचली नव्हती. अशी ओळ वाचलेली माणसं मला फारशी भेटलेली नाहीत.

काकूंना पित्ताशयात खडे आहेत हे आधीच ठाऊक होतं. वर्षभरात दोनदा पोटात कळ येऊन गेली होती आणि सर्जननी ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगितलं होतं. नातवाची परीक्षा, मग मे महिन्यात गावी जाणं, मग "दिवाळीनंतर बघू" असं करत ते राहिलं.

जुलैतल्या एका रविवारी रात्री बरगडीखाली दुखायला लागलं. उलट्या सुरू झाल्या, थंडी भरून आली. पाऊस धो धो. रिक्षाने जाता येईल असं सगळ्यात जवळचं साठेक खाटांचं खासगी हॉस्पिटल होतं, तिथे नेलं. ते ट्रस्टचं नव्हतं आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही नव्हतं.

कॅज्युअल्टीत सलाइन लागलं, दुखणं थोडं उतरलं. भरती करायला हवी असं डॉक्टरांनी सांगितलं. काउंटरवर अमेयला विचारलं, "मेडिक्लेम आहे का?" हो म्हटल्यावर पुढचं वाक्य आलं, "ट्विन शेअरिंग (दोन खाटांची खोली) आत्ता फुल आहे, सिंगल देतो. सकाळी रिकामी झाली की शिफ्ट करू." जनरल वॉर्डचं नावही निघालं नाही. खर्च किती येईल असं अमेयने विचारलं तेव्हा "ऑपरेशन धरून सव्वा ते दीड लाख, कॅशलेस आहे ना तुमचं" असं उत्तर मिळालं. ३०,००० रुपये डिपॉझिट यूपीआयने भरलं. पाच-सहा कागदांवर सह्या झाल्या. त्यातल्या एकावर हीच दीड लाखाची रक्कम पेनाने लिहिलेली होती आणि खाली छापलेलं होतं की औषधं, साहित्य, तपासण्या आणि इतर तज्ज्ञांची फी वेगळी.

काय घडत गेलं

सोमवारी सोनोग्राफी आणि एमआरसीपी (पित्तनलिकेचा एमआरआय) झाली. पित्ताशयाला सूज होतीच, शिवाय एक खडा पित्तनलिकेत सरकून अडकला होता. म्हणजे आता दोन गोष्टी करायच्या होत्या: आधी तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेतला खडा काढायचा, तिथे तात्पुरता स्टेंट ठेवायचा, आणि मग दुर्बिणीने पित्ताशय काढायचं. पहिल्या प्रक्रियेला ईआरसीपी म्हणतात. ती मंगळवारी झाली, ऑपरेशन गुरुवारी, डिस्चार्ज शनिवारी ठरला.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. उपचारांत खोट नव्हती. नलिकेत खडा अडकून ताप आणि थंडी आली असेल तर तो काढावाच लागतो, नाहीतर जंतुसंसर्ग रक्तात पसरू शकतो. बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञांनी कुटुंबाला चित्र काढून सगळं समजावलं. दीड लाखाचा अंदाज चुकणार हे त्या क्षणीच ठरलं होतं आणि त्यातली बरीच वाढ न्याय्य होती. फक्त आजार नीट समजावणाऱ्या त्या संभाषणात पैशाचा आकडा कुठेच आला नाही. सुधारित अंदाजपत्रक कुणी दिलं नाही आणि घरच्यांनीही मागितलं नाही.

सोमवारी दुपारीच विमा कंपनीच्या टीपीएकडून (कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडून) ५०,००० रुपयांची प्राथमिक मंजुरी आली. ती हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर आली, अमेयच्या मोबाईलवर फक्त "मंजूर" असा एसएमएस. ते पत्र मी नंतर पाहिलं. दुसऱ्या पानावर चौकटीत छापलं होतं: पात्र रूम भाडं ३,००० रुपये प्रतिदिन. त्या वेळी काकू ६,५०० रुपयांच्या खोलीत होत्या. म्हणजे रुग्ण पात्रतेच्या दुपटीहून महाग खोलीत आहे हे भरतीनंतर पंधरा-सोळा तासांत हॉस्पिटलच्या एका टेबलावर लेखी आलेलं होतं. ते वरच्या मजल्यावर रुग्णाच्या माणसांपर्यंत पोचलं नाही. मंगळवारी शिफ्ट करण्याबद्दल ऋजुताने सिस्टरना विचारलं, तर "ईआरसीपी आहे आज, आता कशाला हलवता" असं उत्तर आलं. तिलाही ते पटलं.

शनिवारी दुपारी बिल आलं ३,८६,००० रुपये. विमा कंपनीने मंजूर केले १,६७,९००. डिपॉझिट वजा जाता भरायचे १,८८,१००.

नेमकी अडचण कुठे होती

अमेयचा फोन आला तेव्हा त्याचा समज होता की हॉस्पिटलने लुटलं. काकांचं मत होतं की विमा कंपनीने फसवलं. कागद मांडून बसल्यावर दिसलं की पैसा तीन वेगवेगळ्या ठिकाणी गेला होता, आणि तिघांचा इलाज वेगळा होता.

पहिलं ठिकाण खोली. खासगी हॉस्पिटलांमध्ये खोलीचा वर्ग बदलला की फक्त भाडं बदलतं असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात सगळं दरपत्रक रकाने पाडून केलेलं असतं: जनरल, ट्विन, सिंगल, डिलक्स. या हॉस्पिटलचं दरपत्रक नंतर हाती आलं तेव्हा पित्ताशयाच्या त्याच ऑपरेशनसाठी सर्जनची फी जनरलच्या रकान्यात ३२,००० होती, सिंगलच्या रकान्यात ५५,०००. भूलतज्ज्ञ १०,५०० विरुद्ध १८,०००. ओटीचं (ऑपरेशन थिएटरचं) भाडं १५,००० विरुद्ध २४,०००. साहाय्यक डॉक्टर ६,५०० विरुद्ध ११,०००. सर्जन तेच, टेबल तेच, दिवे तेच, वेळही तेवढाच. रुग्ण बेशुद्ध असताना तिची खाट वरच्या मजल्यावर कुठल्या खोलीत आहे यावरून ओटीच्या आतला खर्च ६४,००० वरून १,०८,००० झाला. ही पद्धत गैरकायदेशीर नाही. पण ती रुग्णाला आधी दाखवायला हवी, आणि इथे ती दाखवली गेली नाही.

महाग खोलीने दुसरा फटका विम्यातून दिला. भाडं मर्यादेपेक्षा जास्त असलं की विमा कंपनी फक्त भाड्यातला फरक कापत नाही. ३,००० ला ६,५०० ने भागलं की ४६ टक्के येतात. भाड्याशी निगडित सगळे खर्च त्या प्रमाणातच मंजूर होतात. डॉक्टरांची व्हिजिट, नर्सिंग, सर्जन, भूल, ओटी, ईआरसीपी या सगळ्यांचे शंभरातले चोपन्न रुपये घरच्यांच्या अंगावर. वर खोलीचं भाडं दिवसाला ५,००० च्या पुढे असल्याने त्यावर ५ टक्के जीएसटी, जो जुलै २०२२ पासून लागतो. आयसीयू त्यातून वगळलेलं आहे, साधी खोली नाही.

दुसरं ठिकाण विमा कंपनीची चूक. तिने ही प्रमाणशीर कपात औषधं, साहित्य आणि तपासण्यांवरही लावली होती. ते चालत नाही. विमा नियामकाने २०२० मध्येच स्पष्ट केलं आहे की फार्मसी, साहित्य, इम्प्लांट आणि निदानाच्या तपासण्या या कपातीतून बाहेर. आयसीयूच्या भाड्यालाही ती लागत नाही. या एका चुकीने सुमारे ५४,००० रुपये कमी मंजूर झाले होते. मंजुरीपत्रावर मात्र एकच ओळ होती: "प्रमाणशीर वजावट, पॉलिसीच्या अटींनुसार." एवढ्यावरून सामान्य माणसाने चूक शोधायची कशी?

तिसरं ठिकाण हॉस्पिटलच्या बिलातले तपशील. पहिल्यांदा दिलेलं बिल दीड पानांचं होतं. "कन्सल्टेशन २७,०००", "फार्मसी ८४,२५०" अशा गठ्ठ्याने रकमा. त्यात बरोबर काय आणि चूक काय हे कळायची सोयच नव्हती.

समोर असलेले पर्याय

शनिवारी संध्याकाळचे पाच वाजले होते. काकू कपडे बदलून खाटेवर बसून होत्या, हाताची सुई काढलेली होती. काउंटरवरून सांगितलं होतं, "पेमेंट झालं की फाइल खाली येईल."

काकांचं म्हणणं, पक्षाच्या शाखेत जाऊ, तिथून फोन गेला की बिल कमी होतं. मुंबईत हा रस्ता सगळ्यांना माहीत आहे आणि तो चालतोही. रात्री-अपरात्री लोकांसाठी धावणारे कार्यकर्ते मी जवळून पाहिले आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. तरी मी इथे नको म्हटलं. फोनवर मिळते ती सूट, दुरुस्ती नाही. चुकीच्या नोंदी बिलात तशाच राहतात, वर "सवलत" अशी ओळ येते, आणि मग त्याच बिलावर विमा कंपनीशी भांडायला जागा उरत नाही. शिवाय इथली सगळ्यात मोठी चूक विमा कंपनीकडे होती, तिच्यावर शाखेच्या फोनचा काय परिणाम होणार?

दुसरा पर्याय, एक रुपया न भरता रुग्णाला घरी न्यायचा. त्याला कायद्याचा आधार होता. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार बिलाच्या वादावरून रुग्णाला, किंवा मृतदेहाला, अडवून ठेवता येत नाही. ही माहिती मी काउंटरवर शांतपणे दिली, पण तेवढंच. रुग्ण ताज्या टाक्यांनिशी, दहा दिवसांनी त्याच सर्जनकडे दाखवायला यायचंय, आणि वादाबाहेरची रक्कम तर देणं लागतोच. अडवणूक झाली असती तर नियम लावून धरला असता. नुसतं काढून दाखवायचं हे हत्यार नाही.

तिसरा, सगळं भरून नंतर तक्रार करायची. बहुतेक कुटुंबं हेच करतात आणि त्यांची तक्रार तिथेच विरते, कारण पैसे हरकत न घेता भरलेले असतात आणि घरी गेल्यावर पुन्हा तिकडे फिरकायची कुणाची इच्छा नसते.

आम्ही ठरवलं की आधी तपशीलवार बिल घ्यायचं, उघड चुका तिथेच दुरुस्त करून घ्यायच्या, उरलेलं हरकत नोंदवून भरायचं आणि विमा कंपनीची बाजू स्वतंत्रपणे लढवायची. अमेयला हे लगेच पटलं नाही. "ताई, म्हणजे भरायचेच ना शेवटी?" असं तो म्हणाला. त्याची चीड रास्त होती.

काय केलं

ऋजुताने साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहिला: बाबनिहाय बिल, फार्मसीच्या सगळ्या पावत्या, परत केलेल्या औषधांची नोंद, केसपेपरची प्रत आणि दरपत्रक हवं. बाबनिहाय बिल हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये मांडलेल्या रुग्ण हक्क सनदेतला हक्क आहे. केसपेपरसाठी वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत ७२ तासांची मुदत आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पोच द्यायला आधी कुणी तयार नव्हतं, पण ऋजुता काउंटरसमोरून हलली नाही. शाळेत पालकसभा सांभाळणारी बाई, आवाज न चढवता तिथेच उभी राहिली.

बाबनिहाय बिल सोळा पानांचं निघालं. व्हिजिट १८ लावल्या होत्या, दर १,५००. केसपेपरवर डॉक्टरांच्या सहीच्या नोंदी ११. सात व्हिजिटचे १०,५०० रुपये बिलिंगवाल्यांनी त्याच संध्याकाळी वगळले. फार्मसीत आणखी ७,६०० सापडले: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वर पाठवलेली आणि न वापरता परत गेलेली इंजेक्शनं. वॉर्डच्या परतीच्या वहीत नोंद होती, बिलात जमा नव्हती.

फार्मसीच्या उरलेल्या रकमेबद्दल फार काही करता आलं नाही, आणि हा भाग मला सगळ्यात जास्त खुपतो. प्रत्येक वस्तू एमआरपीनेच लावलेली, म्हणजे कायद्याने बरोबर. पण हॉस्पिटलला ती कितीला पडते हे रुग्णाला कधीच दिसत नाही. औषध किंमत नियामकाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासली होती. त्यात सलाइनच्या नळीला लावायची साधी तोटी ५ रुपये ७७ पैशांना घेऊन १०६ रुपयांना लावलेली आढळली, नफा १,७३७ टक्के. एमआरपी जिथे वस्तू विकणाऱ्याच्याच सोयीने छापली जाते तिथे "एमआरपीपेक्षा जास्त घेतलं नाही" या वाक्याला अर्थ उरत नाही. हृदयाच्या स्टेंटला फेब्रुवारी २०१७ मध्ये कमाल किंमत लागली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटला लागली. काकूंच्या बिलातल्या हातमोजे, कॅथेटर, ड्रेप यांच्यासारख्या गोष्टींना तसं कुंपण नाही.

दरपत्रक मिळवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. २०२१ च्या त्याच दुरुस्तीनुसार भरती शुल्क, खाटेचं दररोजचं भाडं, डॉक्टरांची व्हिजिट, भूल, ओटी, नर्सिंग, ऑक्सिजन अशा १५ बाबींचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. या हॉस्पिटलात रुग्ण हक्क सनदेचा फलक होता, लिफ्टशेजारी, व्यवस्थित फ्रेम केलेला. दरांचा फलक नव्हता. "रेट सिस्टममध्ये असतात, छापील नाही देत" असं उत्तर आलं. नियमाचा उल्लेख असलेला दुसरा अर्ज सोमवारी दिल्यावर मंगळवारी छापील दरपत्रक मिळालं.

शनिवारी रात्री १,७०,००० रुपये भरले. काही अमेयच्या क्रेडिट कार्डावर, काही काकूंच्या बहिणीकडून. पावतीसोबत पत्र दिलं: रूमचा वर्ग, त्यामुळे वाढलेली फी आणि न मिळालेलं सुधारित अंदाजपत्रक यांबाबत हरकत कायम ठेवून रक्कम भरत आहोत. साडेनऊला काकू घरी पोचल्या.

मग विमा कंपनी. तक्रार निवारण कक्षाला ईमेल केला, सोबत एक तक्ता: कपात लागू होणाऱ्या बाबी एका बाजूला, न होणाऱ्या दुसऱ्या बाजूला, नियामकाच्या २०२० च्या सूचनांच्या उल्लेखासह. पहिलं उत्तर ठरावीक साच्यातलं, "दावा अटींनुसार निकाली." अमेयने आपल्या कंपनीच्या एचआरमार्फत विमा ब्रोकरलाही पत्र टाकलं आणि पुढच्या ईमेलमध्ये लिहिलं की समाधानकारक उत्तर आलं नाही तर विमा लोकपालाकडे जाऊ. लोकपालाकडच्या तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही. कंपनीकडे तक्रार करून महिना झाला किंवा तिने नकार दिला की तिथे जाता येतं. तिथवर जावं लागलं नाही. फेरतपासणी झाली.

दरफलक नसल्याची तक्रार महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयातल्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांकडे दिली, कारण मुंबईत शुश्रूषागृहांची नोंदणी आणि तपासणी महापालिकेकडे असते.

निष्पत्ती

हॉस्पिटलचं बिल १८,१०० ने उतरून ३,६७,९०० झालं. विमा कंपनीचा वाटा सुधारून २,०९,८०० झाला आणि ४१,९०० रुपये कुटुंबाच्या खात्यात आले (पूर्ण ५४,००० नाही, कारण बिलातून वगळलेल्या बाबींवरचा विम्याचा वाटाही कमी झाला). शेवटी घरातून गेले १,५८,१००. सुरुवातीला अंगावर आलेल्या रकमेपेक्षा साठ हजार कमी.

पण दरपत्रक हाती आल्यावर आम्ही आणखी एक हिशेब केला. हेच उपचार, हेच डॉक्टर, तेवढेच दिवस, फक्त जनरल वॉर्ड. बिल आलं असतं साधारण २,५४,०००. भाडं २,५००, म्हणजे मर्यादेच्या आत, म्हणून प्रमाणशीर कपात शून्य. विमा कंपनी ज्याचे पैसे देत नाही असं किरकोळ साहित्य आणि नोंदणी, फाइल वगैरे शुल्क मिळून घरातून गेले असते वीसेक हजार. उरलेल्या जवळजवळ १,३८,००० रुपयांचं मूळ रविवारी रात्री काउंटरवर झालेल्या एका वाक्याच्या निर्णयात आहे. त्या रात्री जनरल वॉर्डात खाटा रिकाम्या होत्या असं एका सिस्टरनी नंतर ऋजुताला सांगितलं.

रूमबद्दलची हरकत हॉस्पिटलने मान्य केली नाही. सहीचा कागद त्यांच्याकडे आहे, आणि त्यावर सिंगल लिहिलेलं आहे. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाता येईल. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलं आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही. कुटुंबाने तूर्त ते पुढे ढकललं आहे. वॉर्ड कार्यालयाच्या तपासणीनंतर रिसेप्शनशेजारी दरफलक लागला. तो मी पाहून आले. त्यावर खाटेचे चार दर आहेत, पण खाट बदलली की सर्जनची फीही बदलते हे त्यावरून कळत नाही.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

अमेयला आम्ही नंतर विचारलं, भरतीच्या रात्री जनरल वॉर्ड आहे असं सांगितलं असतं तर घेतला असता का? तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "माहीत नाही. आईला जनरलमध्ये कसं ठेवायचं असं वाटलं असतं." हे खरं उत्तर आहे. आई कण्हत असताना मुलगा खोलीच्या दरांची तुलना करणार नाही. म्हणून ती जबाबदारी त्याच्यावर टाकून चालणार नाही. काउंटरवरच्या माणसाने एवढंच म्हणायला हवं होतं: तुमच्या पॉलिसीची रूम मर्यादा बघा, त्यावरची खोली घेतली तर फक्त भाड्यावर नाही, डॉक्टरांच्या आणि ऑपरेशनच्या खर्चावरही कपात लागेल. हे वाक्य भरतीच्या अर्जावर मोठ्या अक्षरात छापणं हॉस्पिटलला काहीच अवघड नाही.

सोमवारी दुपारची जागा मला त्याहून महत्त्वाची वाटते, कारण तेव्हा घाई नव्हती. दुखणं आटोक्यात होतं, मंजुरीपत्र आलेलं होतं, ईआरसीपी दुसऱ्या दिवशी होती. त्या तासांत तीन गोष्टी शक्य होत्या. जनरल वॉर्डात हलणं. सुधारित लेखी अंदाज मागणं. किंवा परळचं केईएम किंवा शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय इथे चौकशी करणं. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत हे उपचार होतात, खर्च खूप कमी येतो, मात्र खाट आणि तारखेसाठी थांबावं लागू शकतं. अडकलेला खडा आणि ताप असताना थांबणं योग्य होतं का, हे डॉक्टरच सांगू शकले असते. तो प्रश्न विचारलाच गेला नाही.

ट्रस्टच्या हॉस्पिटलांचा विचार आम्ही नंतर केला. मुंबईतल्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात, वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १,८०,००० आणि ३,६०,०००. या कुटुंबाचं उत्पन्न त्यावर होतं. ज्यांचं खाली आहे त्यांनी दाखल होताना वैद्यकीय समाजसेवकाला भेटावं, डिस्चार्जला नाही.

आणि मुळात वर्षभर आधी सर्जननी सांगितलं तेव्हा. ठरवून केलेल्या ऑपरेशनला दोन-तीन ठिकाणी दर विचारता येतात, पॉलिसी वाचता येते, खोली आधी ठरवता येते. पण दर विचारायला गेलं तर सांगतं कोण? फोनवर एक आकडा मिळतो, त्यात काय धरलंय ते कळत नाही. महाराष्ट्रात दर दाखवण्याचा नियम आहे, दर ठरवण्याचा नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा राज्याने स्वीकारलेला नाही, त्यामुळे त्याखालच्या प्रमाणित दरांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये केंद्राला धारेवर धरलं तरी त्याचा थेट उपयोग इथल्या रुग्णाला नाही. आणि दर ठरवणं अशक्य आहे असं म्हणायला जागा नाही, कारण कोविडमध्ये मे २०२० ला याच राज्याने खासगी हॉस्पिटलांच्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले होते: वॉर्ड ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये प्रतिदिन. त्या काळात मुंबईत बिलं तपासायला लेखापरीक्षक नेमले होते. ते दर कमी की जास्त यावर वाद घालता येईल, पण माणूस आत शिरतानाच आकडा जाणून होता.

काकूंच्या पित्तनलिकेतला स्टेंट काही आठवड्यांनी काढायचा होता. या वेळी ऋजुताने चार ठिकाणांहून अंदाज मागवले, लेखी, आणि प्रत्येकाला तेच प्रश्न: खाट कुठल्या वर्गाची धरली आहे, भूलतज्ज्ञांची फी आत की बाहेर, साहित्य आत की बाहेर, रात्र काढावी लागली तर वाढीव किती. दोन ठिकाणांनी लेखी द्यायला नकार दिला. उरलेल्या दोघांत एकाच कामाचे आकडे होते ११,००० आणि २६,०००. त्यांनी ११,००० चं घेतलं. स्टेंट निघाला, काकू दुपारी घरी जेवल्या, आणि बिल ११,२०० आलं.